संगीतकार व्हेर्दी

इटली देशाच्या उत्तर भागात पो नावाची मोठी नदी वाहते. तिच्या खोऱ्यातील सपाट व सुपीक प्रदेशात बुसेतो नावाचे एक लहानसे गाव असून त्याच्या जवळच रोंकोले हे खेडे आहे. या खेड्यात १८१३ सालच्या ऑक्टोबर महिन्यात जुझेप्पे व्हेर्दी यांचा जन्म झाला. वडील कार्लो हे एक लहानशी खाणावळ चालवीत. आई लुईजा सूत कातून संसाराला हातभार लावी. घरात संगीताची परंपरा नव्हती, की पैशाची सुबत्ताही नव्हती.

परंतु मुलाला सुरांचे विलक्षण वेड होते. ते पाहून वडिलांनी त्याच्यासाठी एक जुने स्पिनेट आणले. स्पिनेट म्हणजे पट्ट्या दाबून वाजविण्याचे, पियानोपेक्षा लहान असे तारांचे वाद्य. हे वाद्य नादुरुस्त होते. ते दुरुस्त करण्यासाठी १८२१ साली एक कारागीर आला. त्याने वाद्य नीट करून दिले. पण मुलाची शिकण्याची तळमळ पाहून त्याने मजुरीचा एक पैसाही घेतला नाही, आणि तसा मजकूर वाद्याच्या आत लिहून ठेवला. एका गरीब मुलाच्या गुणाला मिळालेली ही पहिली दाद होय. व्हेर्दी यांनी ते वाद्य जन्मभर जतन केले.

पुढे जुझेप्पे शिक्षणासाठी बुसेतो येथे राहू लागला. रोंकोलेच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजविण्याचे काम त्याच्याकडे असल्याने तो रविवारी पायी आपल्या खेड्यात जाई. बुसेतो येथील अंतोनियो बारेत्सी या संगीतप्रेमी व्यापाऱ्याने त्याचे गुण हेरले, त्याला आपल्या घरी आश्रय दिला आणि उच्च शिक्षणासाठी मिलान शहरी पाठविले. १८३२ साली तेथील प्रसिद्ध संगीत विद्यालयात जुझेप्पेने प्रवेशासाठी परीक्षा दिली. पण त्याला नकार मिळाला. त्याचे वय प्रवेशाच्या मर्यादेपेक्षा अधिक होते, तो परक्या राज्यातला होता, आणि पियानो वाजविताना हात ठेवण्याची त्याची पद्धतही परीक्षकांना सदोष वाटली. दुसरा एखादा मुलगा निराश होऊन गावी परतला असता. जुझेप्पे मात्र मिलानमध्येच राहिला आणि बारेत्सींच्या मदतीने एका अनुभवी शिक्षकाकडे खासगी रीतीने शिकू लागला.

व्हेर्दी यांचे सारे मन ऑपेराकडे ओढले होते. ऑपेरा म्हणजे युरोपातील संगीतप्रधान नाटक. आपल्या संगीत नाटकात गद्य संवाद चालू असताना मधूनमधून पदे येतात. ऑपेरात बहुधा पात्रे संवादही गाऊनच बोलतात, आणि रंगमंचासमोर बसलेला मोठा वाद्यवृंद त्यांना साथ करतो. अशा नाटकाचे संपूर्ण संगीत रचणे हे अत्यंत परिश्रमाचे काम असते.

१८३६ साली व्हेर्दी यांचा विवाह बारेत्सींची कन्या मार्गेरीता हिच्याशी झाला. त्यांना एक मुलगी व एक मुलगा अशी दोन अपत्ये झाली. १८३९ च्या नोव्हेंबरात मिलानच्या ला स्काला या विख्यात नाट्यगृहात त्यांचा पहिला ऑपेरा रंगभूमीवर आला व लोकांना आवडला. पण घरात दुःखाचा डोंगर कोसळत होता. १८३८ साली मुलगी गेली. पुढच्या वर्षी मुलगा गेला. जून १८४० मध्ये मार्गेरीताही मेंदूच्या विकाराने मरण पावली. दोन वर्षांच्या आत भरले घर रिकामे झाले. दैवाची क्रूरता अशी की, याच सुमारास करारानुसार त्यांना एक विनोदी ऑपेरा पूर्ण करावयाचा होता. मन रडत असताना त्यांना लोकांना हसविण्यासाठी लिहावे लागले! सप्टेंबर १८४० मध्ये तो ऑपेरा रंगभूमीवर आला. प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडविली आणि एकाच प्रयोगानंतर तो बंद पडला. यापुढे संगीतरचना करावयाची नाही, असा व्हेर्दी यांनी निश्चय केला.

हा निश्चय कसा मोडला, याची हकीकत त्यांनीच पुढे वृद्धपणी सांगितली. ला स्कालाचे व्यवस्थापक मेरेल्ली यांची व त्यांची एके रात्री गाठ पडली. मेरेल्लींनी एका नव्या ऑपेराची संहिता त्यांच्या हाती जबरदस्तीनेच दिली. घरी येताच व्हेर्दी यांनी त्रासून ती टेबलावर टाकली. ती पडता पडता उघडली आणि एका गीताच्या ओळींवर त्यांची दृष्टी खिळली. बॅबिलोनमध्ये बंदिवासात पडलेले ज्यू लोक आपल्या दुरावलेल्या मायभूमीची आठवण काढीत आहेत, असा त्या गीताचा आशय होता. ज्याचे सर्वस्व हरपले होते, त्याला ते दुःख परके वाटले नाही. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. हळूहळू, एकेक ओळ करीत, त्यांनी पुन्हा लेखणी चालविली. 'नाबुक्को' नावाचा हा ऑपेरा ९ मार्च १८४२ रोजी ला स्कालात झाला व त्याला अपूर्व यश लाभले. त्या वेळी मिलान शहर ऑस्ट्रियाच्या सत्तेखाली होते आणि इटली लहानमोठ्या राज्यांत विभागलेली होती. बंदिवानांचे ते समूहगीत पुढे इटालियन जनतेला आपलेच वाटू लागले.

त्यानंतर व्हेर्दी यांनी मागे वळून पाहिले नाही. 'रिगोलेत्तो', 'इल त्रोव्हातोरे', 'आयदा' अशा कृतींनी त्यांचे नाव जगभर झाले. अपयशही अधूनमधून आले. 'ला त्राव्हिआता' हा ऑपेरा १८५३ साली व्हेनिस येथे पडला; पुढच्याच वर्षी त्याच शहरात तो यशस्वी झाला. इटलीच्या ऐक्याचा लढा यशस्वी झाल्यावर १८६१ साली ते देशाच्या पहिल्या संसदेचे सदस्य झाले. तथापि त्यांचा जीव रमे तो आपल्या सांत'आगाता येथील शेतावर. १८५९ साली त्यांनी ज्यूझेप्पीना स्त्रेप्पोनी या गायिकेशी विवाह केला. 'नाबुक्को'च्या पहिल्या प्रयोगात तिनेच प्रमुख भूमिका गायिली होती.

वृद्धपणीही त्यांची प्रतिभा थकली नाही. १८८७ साली, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी त्यांनी 'ओतेल्लो' रंगभूमीवर आणला. आणि १८९३ साली, ऐंशीच्या उंबरठ्यावर असताना, ज्या ला स्कालात त्यांच्या विनोदी ऑपेराची हेटाळणी झाली होती, त्याच ठिकाणी त्यांनी 'फाल्स्ताफ' हा दुसरा विनोदी ऑपेरा सादर केला. या वेळी मात्र प्रेक्षकांनी त्यांचा जयजयकार केला. त्या अपयशाला तेव्हा बावन्न वर्षे उलटून गेली होती.

आता धनाची उणीव नव्हती. पण आयुष्यभर रंगभूमीची सेवा करून म्हातारपणी निराधार झालेले कित्येक गायक व वादक त्यांनी पाहिले होते. त्यांच्यासाठी व्हेर्दी यांनी मिलान येथे स्वखर्चाने एक विश्रामगृह बांधले आणि आपल्या रचनांपासून येणारे उत्पन्न त्याच्या खर्चासाठी लावून दिले. इमारत तयार झाली, तरी आपल्या हयातीत तेथे कोणी राहावयास येऊ नये, अशी त्यांची इच्छा होती. कारण आश्रितांनी आपले आभार मानावेत, हे त्यांना नको होते.

जानेवारी १९०१ मध्ये मिलानच्या एका हॉटेलात ते अत्यवस्थ झाले. गाड्यांच्या चाकांचा खडखडाट त्यांच्या कानी पडू नये, म्हणून नगरवासीयांनी रस्त्यावर गवताचा पेंढा अंथरला. २७ जानेवारीस त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे अंत्ययात्रा साधी व संगीताविना निघाली. महिनाभराने त्यांचे व ज्यूझेप्पीनाचे पार्थिव अवशेष विश्रामगृहात नेण्यात आले, तेव्हा प्रचंड जनसमुदाय लोटला होता. आर्तुरो तोस्कानीनी यांच्या संचालनाखाली आठशेहून अधिक गायकांनी 'नाबुक्को'तील तेच समूहगीत गायिले.

१९०२ साली विश्रामगृहाचे दार उघडले. वृद्ध कलावंतांना तेथे आजही आश्रय मिळतो. ज्या विद्यालयाने त्यांना प्रवेश नाकारला होता, ते आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. पण या सन्मानापेक्षाही त्या घराचे मोल अधिक आहे. एका कारागिराने मजुरी न घेता एका मुलाचे वाद्य नीट करून दिले होते. त्या मुलाने ते ऋण अशा रीतीने फेडले.