माझे आजोबा : संस्कृत शिकवणारे आणि शतकं ठोकणारे प्रा. दि. ब. देवधर



माझे आजोबा हा निबंध तुम्ही आजवर किती वेळा तपासला असेल? मी तर मोजणंच सोडून दिलं आहे. कापूरहोळच्या फाट्यावर हायवे सोडून भोरकडे वळलं की आजूबाजूला ज्या वाड्यावस्त्या लागतात, तिथली मुलं आमच्या वर्गात येतात. दरवर्षी ती हा निबंध लिहितात आणि दरवर्षी आजोबा तेच असतात. ते पहाटे उठतात, देवपूजा करतात, चष्मा लावून पेपर वाचतात, संध्याकाळी ओट्यावर बसून गोष्ट सांगतात. शेवटी मला माझे आजोबा खूप आवडतात. झाल्या दहा ओळी.

खरं तर या मुलांचे आजोबा असे एकसारखे थोडेच आहेत! कोणी उमेदीच्या काळात मुंबईला जाऊन राबलेला, कोणी ट्रक घेऊन पार बंगळूरपर्यंत जाऊन आलेला, कोणी जत्रेच्या आखाड्यात नारळ जिंकलेला. पण मुलांना हे माहीत नसतं, कारण विचारून या असं आपणच त्यांना सांगत नाही.

यंदा निबंध देण्याआधी मी वर्गाला वेगळ्याच आजोबांची ओळख करून दिली. त्याला एक कारण घडलं. भाताची कापणी झाली की मोकळ्या खाचरात आमच्या मुलांचं क्रिकेट सुरू होतं. सातवीत असेपर्यंत एक मुलगी त्यात सगळ्यांत लांबून, थेट यष्टीवर चेंडू फेकायची. यंदा ती आठवीत गेली आणि बांधावर बसून सगळ्यांची दप्तरं सांभाळू लागली. घरून सांगितलं होतं म्हणे, आता खेळ पुरे, अभ्यासाकडे बघ. त्याच आठवड्यात एका मुलाची बॅटही चाचणीत गुण कमी पडले म्हणून माळ्यावर गेली.

म्हणून हे देवधर आजोबा. क्रिकेटच्या जगात त्यांना भारतीय क्रिकेटचे पितामह म्हटलं गेलं. पितामह म्हणजे आजोबाच की!

पुण्यातलं बालपण

दिनकर बळवंत देवधर यांचा जन्म १४ जानेवारी १८९२ रोजी पुण्यात झाला. तो काळ कसला होता ते मुलांना समजावं म्हणून फळ्यावर एक रेघ ओढा. पुण्यात प्लेगने थैमान घातलं तेव्हा दिनकर ५ वर्षांचा होता. लोकमान्य टिळक गेले तेव्हा देवधर २८ वर्षांचे होते. देश स्वतंत्र झाला तेव्हा ५५ वर्षांचे, महाराष्ट्र राज्य झालं तेव्हा ६८ वर्षांचे. आणि १९८३ मध्ये कपिल देवच्या संघाने विश्वचषक आणला तेव्हा? मुलांना वजाबाकी करू द्या. उत्तर ९१ आलं की वर्गात कसा हलकल्लोळ होतो बघा. ही रेघ अजून पुढे जाते, पण ते शेवटी सांगतो.

पेशा मास्तरकीचा

आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे देवधर आपल्याच पेशातले. पुण्यात ते संस्कृतचे प्राध्यापक होते. म्हणजे एका हातात धातुरूपं आणि दुसऱ्या हातात बॅट. त्या काळी क्रिकेटवर घर चालत नसे. ना आजच्यासारखे करार, ना जाहिराती, ना लिलाव. घर चालायचं ते शिकवण्यावर.

आता एक साधं गणित करू. देवधर पहिला प्रथम श्रेणी सामना १९११ च्या हंगामात खेळले आणि शेवटचा १९४८ च्या सुमारास. इतक्या वर्षांत त्यांचे सामने झाले किती? फक्त ८१. धावा ४,५२२, सरासरी ३९.३२. आता ८१ ला ३७ वर्षांनी भागा. वर्षाला दोनहून थोडेच जास्त सामने येतात! मुलांना वाटतं, मोठा खेळाडू म्हणजे रोज मैदानात, टीव्हीवर. इथे मात्र वर्षातले मोजके दिवस सामन्याचे आणि बाकीचे दिवस तास, वर्ग आणि विद्यार्थी. अशा दोन सामन्यांसाठी वर्षभर हात चालता ठेवायचा, तेही एक-दोन नव्हे तर ३७ वर्षं. चिकाटी या शब्दाचा अर्थ मुलांना सांगायला याहून चांगलं उदाहरण मला तरी सापडलं नाही.

कामाचा आणि खेळाचा प्रवास

त्या काळातली मोठी स्पर्धा मुंबईत व्हायची. हिंदू, पारशी, मुसलमान आणि युरोपियन असे धर्मानुसार संघ असत. आज ऐकताना विचित्र वाटतं, पण तेव्हाची रीत तशी होती. देवधर हिंदू संघातून खेळत. पुणेकर खेळाडूला त्यासाठी खंडाळ्याचा घाट उतरून रेल्वेने मुंबई गाठायची. पुढे १९३४ मध्ये रणजी स्पर्धा सुरू झाली आणि प्रवास आणखी लांबला. रणजीचा हंगाम हिवाळ्यात, म्हणजे ऐन शिकवण्याच्या दिवसांत. तासांची अदलाबदल करून लग्नाला जाताना आपली किती धांदल उडते, ते आठवा म्हणजे कल्पना येईल!

१४८ धावांची गोष्ट

डिसेंबर १९२६. आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडचा एम. सी. सी. संघ भारतात आला होता. मुंबईच्या जिमखाना मैदानावर सुरुवातीला सी. के. नायडूंनी हिंदू संघाकडून १५३ धावांची वादळी खेळी केली. काही दिवसांनी अखिल भारतीय संघाकडून देवधरांनी १४८ धावा काढल्या. इथली माणसं गोऱ्या साहेबाच्या बरोबरीने खेळू शकतात, हे या खेळ्यांनी दाखवून दिलं. दोन वर्षांत, १९२८ मध्ये, भारतीय क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झालं. १९३२ मध्ये भारताने लॉर्ड्सवर पहिला अधिकृत कसोटी सामना खेळला.

आणि इथेच मुलं थबकतात. कारण त्या संघात देवधर नव्हते. तेव्हा त्यांनी चाळिशी गाठली होती. ज्या दाराला त्यांनी धक्का दिला ते दार उघडलं, पण आत गेले दुसरे. पुढेही त्यांना कसोटी सामना कधी खेळायला मिळाला नाही.

आता वर्गाला विचारा, तुम्ही असता तर काय केलं असतं? आमच्या वर्गातल्या बहुतेकांचं उत्तर होतं, खेळ सोडला असता. देवधरांनी सोडला नाही.

चाळिशीनंतरचा डाव

१९३९ मध्ये महाराष्ट्राच्या संघाचं कर्णधारपद त्यांच्याकडे आलं तेव्हा ते ४७ वर्षांचे होते. तरण्या पोरांचा संघ आणि कर्णधार वडिलांच्या वयाचा! याच संघात विजय हजारे होते, जे पुढे भारताचे कर्णधार झाले. १९३९-४० मध्ये महाराष्ट्राने रणजी करंडक जिंकला. पुढच्या वर्षी, १९४०-४१ मध्ये, मद्रासला त्यांच्याच मैदानावर हरवून तो पुन्हा जिंकला. त्याच हंगामात बलाढ्य मुंबईने पुण्यात ६५० धावांचा डोंगर उभा केला होता. महाराष्ट्राने उत्तर दिलं ६७५ धावांनी. त्यात पन्नाशीच्या उंबरठ्यावरच्या देवधरांच्या एकट्याच्या २४६ होत्या. ही त्यांची सर्वोच्च धावसंख्या ठरली. तिशीत नाही, चाळिशीच्या शेवटी!

पुढे १९४४ मध्ये नवानगरविरुद्ध एकाच सामन्याच्या दोन्ही डावांत त्यांनी शतकं केली, १०५ आणि १४१. तेव्हा वय होतं ५२. आपण पन्नाशीला जिना चढताना कठडा धरतो. असो!

घरातला खेळ

आता मला सगळ्यांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. खेळाडू वडील पुष्कळ असतात. बाबा मैदानावर, मुलगा बाबांच्या मागे बॅट घेऊन आणि मुली स्वयंपाकघरात, हे चित्र आपल्या ओळखीचं आहे. देवधरांच्या घरचं चित्र वेगळं होतं. त्यांच्या तारा, सुंदर आणि सुमन या तीन मुलींनी बॅडमिंटनची रॅकेट हाती घेतली. नुसती अंगणात फुलं मारली असं नव्हे, १९४० च्या दशकात देशाच्या महिला बॅडमिंटनवर या तिघी बहिणींचा दबदबा होता. राष्ट्रीय स्पर्धांची विजेतेपदं या घरात आली.

योगायोग बघा, या खेळाचे सुरुवातीचे नियमही १८७० च्या दशकात पुण्याच्या लष्करी छावणीतल्या इंग्रजांनी बांधले आणि त्या खेळाला तेव्हा पुण्याच्याच नावाने ओळखत. साहेबाने छावणीत खेळायचा खेळ शहरातल्या एका प्राध्यापकाच्या मुलींनी आपलासा केला.

ते वर्ष कोणतं होतं, याचा विचार करा. मुलीला सातवीपर्यंत शिकवणं हीच अनेक घरांत मोठी गोष्ट होती. त्या दिवसांत तीन मुली गावोगाव सामने खेळायला जातात, हे घरच्यांच्या पाठिंब्याशिवाय कसं शक्य आहे? २४६ धावा हा विक्रम खराच. पण बाप म्हणून देवधरांची ही खेळी मला त्याहून मोठी वाटते.

शंभरीच्या पलीकडे

निवृत्तीनंतरही देवधर खेळाजवळच राहिले. राष्ट्रीय निवड समितीवर त्यांनी काम केलं, महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचं अध्यक्षपद सांभाळलं. १९६५ मध्ये पद्मश्री आणि १९९१ मध्ये पद्मभूषण मिळालं. १९७३-७४ च्या हंगामापासून विभागीय संघांची एकदिवसीय स्पर्धा त्यांच्या नावाने सुरू झाली, तीच देवधर करंडक. आपल्या नावाचा करंडक खेळला जाताना त्यांना डोळ्यांनी बघता आला.

आता फळ्यावरच्या रेघेचं टोक. १४ जानेवारी १९९२ रोजी देवधरांनी वयाची शंभर वर्षं पूर्ण केली. त्याच्या जेमतेम आठवडाभर आधी, सिडनीच्या कसोटीत, १८ वर्षांच्या सचिन तेंडुलकरने नाबाद शतक ठोकलं होतं. किती धावा? १४८! देवधरांनी १९२६ मध्ये जिमखान्यावर केल्या होत्या तेवढ्याच. हे सांगितलं तेव्हा आमचा वर्ग काही क्षण गप्पच झाला.

२४ ऑगस्ट १९९३ रोजी पुण्यात, वयाच्या १०१ व्या वर्षी देवधरांचं निधन झालं.

वर्गात काय करता येईल?

आता निबंधाकडे वळू. दहा ओळी लिहायला सांगण्याआधी मुलांना एक दिवस द्या आणि आजोबांना पाच प्रश्न विचारून यायला सांगा. तुम्ही लहानपणी कोणता खेळ खेळायचा? कामासाठी सगळ्यांत लांब कुठे गेलात आणि कशाने? तुम्हाला हवं असून काय मिळालं नाही? मग तुम्ही काय केलं? आणि तुमच्या घरातल्या मुली काय खेळायच्या? आजोबा नसतील तर आजीला, शेजारच्या बाबांना विचारलं तरी चालेल.

आमच्याकडे यंदा जे निबंध आले त्यात आट्यापाट्या होत्या, कुस्ती होती, रात्रीच्या एस.टी.चा टपावरचा प्रवास होता. शेवटच्या प्रश्नाची जागा मात्र बहुतेक वह्यांत कोरी होती. त्या कोऱ्या जागेवर मी लाल शेरा मारला नाही. तो शेरा आपल्या सगळ्यांवरच पडायला हवा.

पालकहो, बॅट माळ्यावर टाकण्याआधी त्या ८१ सामन्यांचं गणित आठवा. संस्कृतचं पुस्तक आणि बॅट एकाच माणसाच्या हातात ३७ वर्षं सुखाने नांदली. अभ्यास आणि खेळ एकमेकांचे वैरी नाहीत, वेळ वाटून द्यायला तेवढं शिकवावं लागतं.

बांधावर बसणाऱ्या त्या मुलीने दीड पान निबंध लिहिला आहे. तिचे आजोबा विटीदांडूत गावात पहिले होते. मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले. पण माझं काम तिथे संपलं नाही. येत्या रविवारी तिच्या घरी जाऊन देवधर आजोबांच्या तीन मुलींची गोष्ट सांगायची आहे, तीही तिच्या आजोबांच्या समोर.

तुमच्या वर्गात बांधावर कोण बसलंय, ते उद्या जरा बघाल ना?