बर्फावरच्या शर्यतीमागची बहीण : युनिस केनेडी श्रायव्हर

अमेरिकेचे पहिले कॅथॉलिक राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी आपल्या सर्वांना ठाऊक आहेत. त्यांची धाकटी बहीण युनिस हिचे नाव मात्र आपल्याकडे कमी ऐकू येते. तिचे काम भावाच्या कामाइतकेच मोठे आहे, असे मला वाटते.

युनिस यांचा जन्म १० जुलै १९२१ रोजी मॅसॅच्युसेट्समधील ब्रुकलाइन येथे झाला. नऊ भावंडांत त्या पाचव्या. मोठी बहीण रोझमेरी बुद्धीने मंद होती. पोहायला, होडीत बसायला युनिस तिला सोबत नेत. १९४१ साली वडिलांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने रोझमेरीच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करवली आणि ती पुरती फसली. २३ वर्षांच्या मुलीचे चालणे-बोलणे गेले. पुढे विस्कॉन्सिनमधील फ्रान्सिस्कन धर्मभगिनींच्या संस्थेत तिची सोय झाली आणि घरात तिचे नाव निघेनासे झाले. असे मूल म्हणजे घराण्याला लाज, अशी त्या काळची समजूत होती. (आपल्याकडेही एखादे मूल मिस्साला का येत नाही, हे शेजाऱ्याला कोणी विचारत नाही.)

युनिस यांनी समाजशास्त्राची पदवी घेतली, तुरुंगातील स्त्रियांमध्ये काम केले. १९५३ साली सार्जंट श्रायव्हर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना पाच मुले झाली. रोजची मिस्सा आणि पवित्र मरियेची भक्ती त्यांनी जन्मभर सोडली नाही.

१९६२ साली एका आईने त्यांना कळवले की, तिच्या मुलाला एकही उन्हाळी शिबिर घ्यायला तयार नाही. युनिस यांनी मेरीलँडमधील आपल्या घराच्या आवारातच शिबिर भरवले. जवळपासच्या शाळा-कॉलेजांतील तरुण स्वयंसेवक म्हणून आले. जवळजवळ प्रत्येक मुलामागे एक जण. युनिस स्वतः तलावात उतरून पोहायला शिकवीत. अशा मुलांना कष्टाचे खेळ झेपत नाहीत, असे तज्ज्ञही तेव्हा मानत. त्याच वर्षी एका साप्ताहिकात लेख लिहून त्यांनी रोझमेरीच्या मंदत्वाविषयी उघडपणे सांगितले. भाऊ राष्ट्राध्यक्ष असताना हे करायला धैर्य लागते.

२० जुलै १९६८ रोजी शिकागोत पहिले स्पेशल ऑलिम्पिक्स झाले. दीड महिन्यापूर्वीच त्यांचा भाऊ रॉबर्ट याची हत्या झाली होती, तरीही त्या उभ्या राहिल्या. सुमारे १००० खेळाडू आले, प्रेक्षक मात्र मोजकेच.

फेब्रुवारी १९७७ मध्ये कोलोरॅडोतील स्टीमबोट स्प्रिंग्ज येथे पहिली हिवाळी स्पर्धा झाली. ५०० हून अधिक खेळाडू स्की आणि स्केटिंगसाठी बर्फावर उतरले. बर्फावर स्वयंसेवकाचे काम वाढते. जड बूट बांधायचे, ओले हातमोजे बदलायचे, थंडीत तासन् तास उभे राहून वेळ नोंदायची. प्राथमिक फेरीतील वेळ पाहून सारख्या कुवतीच्या खेळाडूंचे गट पाडतात, म्हणून ती नोंद चुकवून चालत नाही. सर्वांत कठीण म्हणजे पडलेल्या खेळाडूला स्वतःहून उठू देणे. आपला हात लगेच पुढे जातो ना! सुरुवातीच्या काळात अंतिम रेषेवर खास माणसे उभी असत. खेळाडू पहिला येवो की शेवटचा, त्याला मिठी मारणे एवढेच त्यांचे काम.

१९९३ साली ही हिवाळी स्पर्धा ऑस्ट्रियात, म्हणजे प्रथमच उत्तर अमेरिकेबाहेर भरली. रोझमेरीला युनिस पुन्हा घरी, सणासुदीला आणू लागल्या होत्या. २००५ साली रोझमेरी वारली तेव्हा भावंडे जवळ होती. २००६ साली पोप बेनेडिक्ट १६ वे यांनी युनिस यांना संत ग्रेगरी पदकाने गौरवले. ११ ऑगस्ट २००९ रोजी, ८८ व्या वर्षी, त्या प्रभूघरी गेल्या. हायॅनिस येथील संत फ्रान्सिस झेवियर चर्चमधील अंत्यविधीच्या मिस्साला स्पेशल ऑलिम्पिक्सचे खेळाडूही आले होते.

मार्च २०२५ मध्ये इटलीतील तुरीन येथे झालेल्या हिवाळी स्पर्धेतून भारताच्या खेळाडूंनी ३३ पदके आणली.