ओल्या वाफेला कोरडे करणारा कारागीर

जलंबहून खामगावला १८७० मध्ये आगगाडी आली, ती मुख्यतः कापसासाठी. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या वाटेला लावणारी ती शक्ती वाफेची होती. परंतु ती वाफ ओली होती. बाष्पित्रातून निघालेली वाफ सिलिंडरच्या थंड भिंतींना लागताच तिच्या काही भागाचे पाणी होई आणि जाळलेल्या कोळशाचा मोठा अंश व्यर्थ जाई. हा अपव्यय रोखण्याचे श्रेय प्रामुख्याने विल्हेल्म श्मिट या जर्मन अभियंत्याकडे जाते.

श्मिट यांचा जन्म १८ फेब्रुवारी १८५८ रोजी वेगेलेबेन या लहानशा गावी झाला. कुलपे व लोखंडी जोडकाम करणाऱ्या कारागिराच्या हाताखाली त्यांनी उमेदवारी केली. पुढे ड्रेस्डेन येथे तंत्रविद्येच्या प्राध्यापकांनी या तरुणाची कल्पकता हेरली आणि त्याला शास्त्राची वाट दाखविली.

बाष्पित्राबाहेर वाफेला पुन्हा तापवून 'अतितप्त' करावे, ही कल्पना नवी नव्हती. अल्सेसमधील हिर्न यांनी ती पूर्वीच अजमावली होती. परंतु त्या उष्णतेत वंगण जळे, झडपा वाकत आणि कारखानदार माघार घेत. बारा वातावरणांच्या दाबाखाली साधी वाफ सुमारे १९० अंश सेल्सियसवर असते. श्मिट यांनी १८९०नंतरच्या दशकात ती ३५० अंशांपर्यंत नेली आणि तो ताप सोसतील असे दट्ट्ये व झडपा घडविल्या. कासेल हे त्यांचे कार्यक्षेत्र बनले. प्रशियाच्या रेल्वेतील रॉबर्ट गार्बे यांच्या पाठबळाने १८९८ मध्ये अतितप्त वाफेची इंजिने रुळांवर आली. बाष्पित्राच्या रुंद धूरनळ्यांतून बारीक नळ्या फिरवून वाफ तापविण्याची त्यांची युक्ती पुढे जगभर रूढ झाली. कोळशाची सुमारे पाव बचत होऊ लागली. पाणीही कमी लागू लागले. भारतातील ब्रॉडगेजवरच्या 'डब्ल्यूपी' इंजिनांतही हेच तत्त्व होते. उतारवयात श्मिट यांनी अत्युच्च दाबाच्या वाफेचा ध्यास घेतला. १६ फेब्रुवारी १९२४ रोजी त्यांचे निधन झाले.

वाफेची इंजिने इतिहासजमा झाली, अतितप्त वाफ मात्र झाली नाही. शेगावच्या पलीकडे, बुलढाणा जिल्ह्याची हद्द ओलांडताच लागणाऱ्या पारसच्या औष्णिक वीजकेंद्रात सुमारे ५४० अंशांची वाफ टर्बाइन फिरविते. झोत टर्बाइनच्या पात्यांवर आदळत असताना त्यात पाण्याचे थेंब असतील, तर पाती झिजतात. म्हणून कोरडेपणा तेथे अपरिहार्यच ठरतो.

शेगावला १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. जिल्ह्यात लोखंडाशी झुंजणारे कुशल हातही आहेत. या दोहोंमध्ये ये-जा किती, हा खरा प्रश्न आहे. ड्रेस्डेनच्या अध्यापकांनी दाराशी आलेल्या कारागिराच्या हातातले काम पाहिले, म्हणून एका कुलूपकाराचा संशोधक झाला. प्रमाणपत्राआधी काम पाहणारी अशी नजर आपल्या शिक्षणसंस्थांनी गमावली, तर कोळशाहून मोलाची शक्ती आपण रोज वाया घालवीत राहू.