धनंजयराव गाडगीळ : गावात जाऊन हिशेब मांडणारा अर्थशास्त्रज्ञ

आमच्या सटाण्यात एका मामलेदाराचं देऊळ आहे. सरकारी अधिकाऱ्याचं देऊळ! हॉस्टेलवर हे सांगितलं की सगळ्या आधी हसतात. पण १८७०-७१ च्या दुष्काळात यशवंतराव भोसेकर या मामलेदारांनी सरकारी खजिना उघडून उपाशी लोकांना पैसे वाटले आणि लोकांनी त्यांना देवमामलेदार केलं. मार्गशीर्षात त्यांची मोठी यात्रा भरते. लहानपणी मी तिथे फक्त पाळण्यात बसायला जायचे. एका वर्षी पाऊस पडला नाही तर घरोघर एवढी उपासमार का व्हावी, हा प्रश्न काही मला पडला नव्हता. तो पडला इकॉनॉमिक्सच्या पेपरचा अभ्यास करताना, लायब्ररीत धनंजयराव गाडगीळांचं पुस्तक हाती आलं तेव्हा. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, त्यामुळे मराठीच्या चुका सांभाळून घ्या.)

गाडगीळ आपल्या नाशिकचे. जन्म १० एप्रिल १९०१. शाळा नागपूरला आणि पुढचं शिक्षण केंब्रिजला. तिथे त्यांनी भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवर प्रबंध लिहिला. १९२४ मध्ये त्याचं पुस्तक निघालं तेव्हा ते फक्त २३ वर्षांचे होते. आपल्यातले काही जण त्या वयात बॅकलॉग काढत असतात!

या पुस्तकाची सुरुवात होते १८६० च्या सुमाराला. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शेतकऱ्याकडे कधी नव्हे तो पैसा खुळखुळू लागला. सावकारही हात मोकळा सोडून कर्ज देऊ लागले. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, कर्ज मात्र राहिलं. दहा वर्षांनी, १८७५ मध्ये, पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर जाऊन कर्जरोखे जाळले. म्हणजे पैसा आला होता, पण गावात थांबला नव्हता.

कारागिरांचंही तेच. राजेरजवाड्यांचे दरबार गेले, परकी राज्य आलं, बाहेरचा माल आला, आणि शहरातले जुने धंदे बसले. हातमागवाले इंग्लंडमध्येही बुडाले होते, पण तिथे नव्या गिरण्या वाढत होत्या. इथे नवे कारखाने मोजकेच, म्हणून माणसं जमिनीकडे वळली. रेल्वेने दुष्काळी भागात धान्य आणता येऊ लागलं, तरी लोकांचे हाल संपले नाहीत, कारण शेतातलं काम थांबलं की मजुराकडे ते विकत घ्यायला पैसाच नसे. माझ्या मनातला देवमामलेदारांचा खजिना मला इथे समजला.

परत आल्यावर गाडगीळांनी थोडे दिवस सरकारी नोकरी केली, मग सुरतेच्या कॉलेजात ते प्रिन्सिपॉल झाले. १९३० मध्ये पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू झाली. तिला देणगी त्यांचे सासरे रावबहादूर काळे यांची. गाडगीळ १९६६ पर्यंत तिथे संचालक होते. त्यांची पद्धत आपल्या सिव्हिलवाल्यांना आवडेल : आधी साइट सर्व्हे, मग डिझाइन. वाई तालुक्यातली शेती, पुणे शहरातली कुटुंबं, सगळीकडे माणसं पाठवून माहिती गोळा केली. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांमुळे नेमका किती आणि कोणाला फायदा झाला, याचाही सर्व्हे केला. तो १९४८ मध्ये छापला गेला.

प्रवरेकाठी पाणी होतं, ऊस होता, तरी शेतकरी कर्जात. उसाचं असं आहे की तोडल्यावर दर दिवसाला साखर कमी होत जाते. आमच्याकडे उन्हाळ कांदा चाळीत भरून चार महिने भावाची वाट बघता येते, उसाला ती सोय नाही. गूळ करा, नाहीतर जवळचा खासगी कारखाना देईल तो भाव घ्या. लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी ठरवलं की कारखानाच शेतकऱ्यांचा करायचा. त्यांनी गावोगाव फिरून शेअर्स गोळा केले. केंब्रिजला शिकलेले प्रोफेसर त्यांच्या सोबत उभे राहिले आणि कारखान्याचे पहिले चेअरमन झाले. १९५०-५१ च्या हंगामात महाराष्ट्रातला हा पहिला सहकारी साखर कारखाना सुरू झाला. मला त्यांच्या आयुष्यातला हाच भाग सगळ्यात मोठा वाटतो. पुस्तक लिहून ते घरी बसू शकले असते.

पुढे लोणीत शाळा, दवाखाना, १९८३ मध्ये इंजिनिअरिंग कॉलेजही निघालं. या वेळी आलेला पैसा गावात थांबला.

सहकाराबद्दल ते आंधळे मात्र नव्हते. १९५१-५२ मध्ये रिझर्व्ह बँकेची मोठी ग्रामीण पतपाहणी झाली : ७५ जिल्हे, ६०० गावं. तिच्या समितीत गाडगीळ होते. शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकारी सोसायट्यांचा वाटा निघाला जेमतेम ३ टक्के, सावकारांचा ७० टक्क्यांच्या आसपास. पन्नास वर्षांच्या सहकारी चळवळीचा हा निकाल! समितीने तो जसाच्या तसा छापला आणि सरकारने सोसायट्यांत भागीदार व्हावं असं सुचवलं. माझ्या मते पुढचा घोळ इथेच सुरू झाला. सरकारच्या पैशामागून राजकारण आलं. नंतर कितीतरी सहकारी कारखाने बंद पडले, विकले गेले. हे त्यांनी ओळखायला हवं होतं का, यावर आमच्या सरांशी माझा अजून वाद चालू आहे.

१९६७ मध्ये ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. केंद्राची मदत राज्यांना कशी वाटायची याचं गाडगीळ सूत्र १९६९ मध्ये आलं. त्याआधी दिल्लीत ज्याचं वजन जास्त त्याला जास्त, अशी तक्रार असायची. सूत्रात लोकसंख्येला ६० टक्के आणि गरीब राज्यांसाठी, कर गोळा करण्यासाठी, चालू पाटबंधारे व वीज प्रकल्पांसाठी, खास अडचणींसाठी प्रत्येकी १० टक्के. गरिबीला फक्त १०, हे मला कमीच वाटतं. त्याच वर्षी त्यांच्या अभ्यासगटाने बँकांनी एकेक जिल्हा वाटून घ्यावा असं सुचवलं. जिल्ह्याची अग्रणी बँक ही कल्पना त्यातूनच आली.

१९७१ च्या निवडणुकीनंतर आयोग बदलला आणि गाडगीळांनी पद सोडलं. ३ मे १९७१ रोजी दिल्लीहून पुण्याला परत येताना रेल्वेतच त्यांचं निधन झालं.

आमच्या बागलाणात आधी डाळिंबाने भरपूर पैसा आणला, मग तेल्या रोग आला आणि बागाच्या बागा उपटल्या गेल्या. आमचीही उपटली. त्या चांगल्या वर्षांतलं आमच्या घरात काय उरलंय, ते मी दिवाळीच्या सुट्टीत पप्पांबरोबर वही घेऊन मांडायला बसले होते. घराचा वरचा मजला, एक ट्रॅक्टर आणि माझी पहिल्या वर्षाची फी, एवढं निघालं.