धर्मानंद कोसंबी : चातुर्यामाच्या शोधातील एक जीवन

बौद्ध विद्येचे प्रकांड पंडित म्हणून धर्मानंद कोसंबी महाराष्ट्राला परिचित आहेत. परंतु त्यांच्या चिंतनाची अखेर भगवान पार्श्वनाथांच्या चरणी झाली, हे जैन समाजातही फारसे ज्ञात नाही. ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ येथे त्यांचा जन्म झाला. १८९९ मध्ये घर सोडून ते धर्मज्ञानासाठी काशी, नेपाळ व सिंहलद्वीपापर्यंत हिंडले. पुढे हार्वर्ड विद्यापीठात त्यांनी पाली ग्रंथांचे संशोधन केले. गुजरात विद्यापीठात पंडित सुखलालजींचा स्नेह त्यांना लाभला. भगवान बुद्धांच्या उपदेशाची मुळे शोधता शोधता ते पार्श्वनाथांच्या अहिंसा, सत्य, अस्तेय व अपरिग्रह या चार यामांपर्यंत पोहोचले.

प्राचीन श्रमणांच्या आहाराविषयी त्यांनी जे लिहिले, त्याने जैन समाज दुखावला. ते दुखावणे अकारण नव्हते. मात्र शरीर व्याधींनी जर्जर झाल्यावर याच विद्वानाने पार्श्वपरंपरेतील संलेखनेचा मार्ग पत्करला. १९४६ मधील त्यांचे पहिले अनशन गांधीजींच्या आग्रहाने सुटले. पुढे सेवाग्राम आश्रमात अन्नत्याग करून ४ जून १९४७ रोजी त्यांनी शांतपणे देह ठेवला. ‘पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म’ हा त्यांचा ग्रंथ त्यांच्या पश्चात, १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला.