मस्टरवरची सही

बँकेत होतो तोवर मस्टरवरची माझी सही सहसा चुकली नाही. शिल्लक रजेचा आकडा मी अभिमानाने सांगत असे. म्हणूनच की काय, बेसबॉलमधले ओ की ठो कळत नसतानाही लू गेरिगने माझ्या मनात घर केले.

१९०३ साली न्यूयॉर्कमधल्या गरीब जर्मन स्थलांतरितांच्या पोटी तो जन्मला. चार भावंडांत हा एकटाच जगला. आई लोकांच्या घरी राबे. पुढे 'यांकीज' संघात शिरलेला हा दणकट गडी १ जून १९२५ पासून सलग २१३० सामने खेळला. मोडलेल्या बोटांनी खेळला. १९३४ मध्ये डोक्यावर चेंडू आदळून बेशुद्ध पडला, तरी दुसऱ्या दिवशी मैदानात हजर! त्याच वर्षी डेट्रॉइटला कंबर धरली, तेव्हा एकदाच फलंदाजी करून तो परतला आणि सामना मात्र हिशेबात जमा झाला. मस्टरवर सही करून सटकणारे आमच्याकडेही होते. त्यांची कंबर मात्र ठणठणीत असे.

१९३९ च्या हंगामात त्याच्या हातापायांतले बळच ओसरले. २ मे रोजी, पुन्हा डेट्रॉइटलाच, आपल्याला वगळा असे त्याने स्वतःच व्यवस्थापकाला सांगितले. जूनमध्ये, ऐन छत्तिसाव्या वाढदिवशी, मेयो क्लिनिकने निदान केले: ए.एल.एस. स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशीच यात मरत जातात.

हे खेळामुळे झाले का? अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक खेळाडूंत या आजाराचे प्रमाण इतर पुरुषांच्या सुमारे चौपट असल्याचे २०२१ च्या एका अभ्यासात आढळले. डोक्यावरचे आघात, अतिश्रम, आनुवंशिकता अशा साऱ्यांवर संशय आहे. पण बहुसंख्य खेळाडूंना हा आजार होत नाही. आणि समूहाच्या आकड्यांवरून एका माणसाच्या आजाराचे कारण ठरवता येत नाही. गेरिगचे तर दहन झाले. आता तपासायलाही काही उरलेले नाही.

खेळ सुटल्यावर हा माणूस घरी बसला नाही. न्यूयॉर्क शहराच्या पॅरोल आयोगावर त्याने नेमणूक स्वीकारली आणि तो कचेरीत जाऊ लागला. कैद्यांच्या सुटकेचे कागद समोर येत. पुढे बोटांत लेखणी धरवेना, तेव्हा पत्नी एलिनॉर त्याचा हात हातात घेऊन सही करवून घेई. २ जून १९४१ रोजी तो गेला. त्याच्या महिनाभर आधी त्याने राजीनामा दिला होता.