न्यूयॉर्कमधले पहिले दिवस आणि बावीस वर्षांचे बाबासाहेब

दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आपल्या वस्त्यांतली काही मुले-मुली शिष्यवृत्ती मिळवून परदेशी विद्यापीठांत जातात. पहिल्या महिन्यात त्यांचे फोन येतात. जेवण जात नाही, झोप लागत नाही, वर्गातले सगळे आपल्यापेक्षा हुशार वाटतात. समाजकार्यात असल्यामुळे असे फोन मला बरेच येतात. तेव्हा मी त्यांना घटनाकार बाबासाहेब सांगत नाही. न्यूयॉर्कमध्ये नुकताच उतरलेला बावीस वर्षांचा भीमराव सांगते.

२ फेब्रुवारी १९१३ रोजी वडील रामजी सुभेदार गेले. घरी रमाई होत्या, यशवंत काही महिन्यांचा होता. जून महिन्यात बडोदा संस्थानाशी करार झाला. सयाजीराव गायकवाड यांची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षे मिळणार होती आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करायची होती. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात ते न्यूयॉर्कला पोहोचले.

कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टली हॉल या वसतिगृहात ते आठवडाभरच राहिले. तिथले जेवण त्यांना मानवले नाही. मग कॉस्मोपॉलिटन क्लबात काही काळ काढला आणि नंतर लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये गेले. तिथे नवल भथेना हा पारशी तरुण सोबती मिळाला. ही मैत्री आयुष्यभर टिकली. परक्या शहरात राहायची जागा शोधत फिरणे, एक तरी जिवाभावाचा माणूस मिळवणे, हे बाबासाहेबांनाही चुकले नाही.

पण त्या शहरात त्यांना एक गोष्ट नवी होती. साताऱ्याच्या शाळेत ते घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसत. शिपायाने वरून ओतले तरच पाणी मिळे. इथे विद्यार्थी एकाच टेबलावर जेवत होते, कुणी जात विचारत नव्हते. वागणुकीतली समता त्यांनी पहिल्यांदा रोजच्या जगण्यात अनुभवली. पहिल्याच काही आठवड्यांत वडिलांच्या एका स्नेह्याला पत्र लिहून त्यांनी मुलांबरोबर मुलींनाही शिकवण्याचा आग्रह धरला. मोकळा श्वास मिळाला आणि पहिला विचार घरच्या लेकींचा आला.

त्या मोकळेपणाची दुसरी बाजूही होती. सुरुवातीचे काही महिने मित्रांबरोबर मजेत गेले, असे चरित्रकार सांगतात. मग घरची परिस्थिती आणि आपण इथे कशासाठी आलो, याची जाणीव झाली आणि त्यांनी स्वतःला अभ्यासात झोकून दिले. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६ अभ्यासक्रम, शिवाय तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र, राज्यशास्त्र. सेलिग्मन आणि जॉन ड्यूई यांच्यासारखे शिक्षक लाभले. १९१५ मध्ये एम. ए. झाले. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातिसंस्थेवरचा निबंध वाचला, तेव्हा वय होते पंचवीस. समाजशास्त्राच्या एम. ए.ला तो निबंध वाचताना मला हे वय माहीत नव्हते. कळले तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले.

अमेरिका म्हणजे स्वर्ग नव्हता. विद्यापीठाला लागूनच हार्लेम होते आणि त्या देशात कृष्णवर्णीयांवर अन्याय चालूच होता. पुढे १९४६ मध्ये बाबासाहेबांनी कृष्णवर्णीयांचे नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. आपले दुःख आणि त्यांचे दुःख त्यांना वेगळे वाटले नाही.

१९१६ मध्ये ते लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये परतावे लागले आणि कराराप्रमाणे ते बडोद्यात नोकरीला लागले. तिथे मोठ्या पदव्या असूनही डोक्यावर छप्पर मिळेना. पारशी धर्मशाळेतून त्यांना हुसकावून लावले गेले. न्यूयॉर्कमध्ये जी माणुसकी सहज मिळाली, ती मायदेशात नाकारली गेली. ती मिळू शकते हे त्यांनी अनुभवले होते, म्हणूनच नाकारणाऱ्यांपुढे ते कधी वाकले नाहीत.

म्हणून फोनवरच्या मुलांना मी एवढेच सांगते. पहिले महिने डळमळले तर लाज वाटू देऊ नका. एक चांगला मित्र जोडा, घरी पत्र किंवा फोन करत राहा, ग्रंथालय सोडू नका. आणि तिथे जो मोकळा श्वास मिळतो आहे, तो इथल्या आपल्या माणसांना कसा मिळेल, हा प्रश्न परत येताना सोबत आणा.